पायरहाटावरची मुळाक्षरे

जमनाची आणि माझी ओळख एका चटईमुळे झाली. सन एकोणीसशे बासष्टच्या हिवाळ्यात केळव्याच्या भेंडआळीत ग्रामशिक्षण मोहिमेचा वर्ग उघडला. दिनानाथ गुरुजी पुरुषांना रात्री आणि आम्हा बायकांना दुपारी शाळेच्या पडवीत शिकवीत. पहिल्या दिवशी मी उशिरा पोहोचले. सगळ्या चटया भरल्या होत्या. एका चटईवर मात्र एक बाई एकटीच बसली होती आणि तिच्या शेजारची जागा मोकळी होती. ती मोकळी का, हे मला नंतर समजले. मी तिथे बसले आणि वर्ग संपेपर्यंत तिथेच बसत राहिले. जमना माझ्याहून वयाने लहान, म्हणून तिच्याविषयी एकेरीत लिहिते. मनातला आदर त्यामुळे उणा होत नाही. पुढच्या हकीकतीतील काही भाग मी डोळ्यांनी पाहिला, उरलेला तिने आणि तिच्या घरच्यांनी मला सांगितला.

जमनाला फेफरे होते. जन्मापासून नव्हते. लग्न होऊन ती आत्मारामच्या घरी आली, वाडीत राबू लागली, आणि एका पावसाळ्यात तिला मोठा ताप आला. ताप डोक्यात चढला, असे तेव्हा सगळे म्हणाले. तो उतरला, पण जाताना हे दुखणे मागे ठेवून गेला. बोलता बोलता तिची नजर थिजे, हातापायांना आकडी येई आणि ती जमिनीवर कोसळे. थोड्या वेळाने उठून बसे. परंतु उठताना तिचे काहीतरी हरवलेले असे. कधी पुतण्याचे नाव आठवत नसे, कधी सकाळी काय रांधले ते.

घर आत्मारामच्या थोरल्या वहिनीच्या, जयवंतीच्या, हातात होते. जयवंती दुष्ट नव्हती, भित्री होती. तिने जमनाला चुलीपासून दूर ठेवले, कारण आगीत पडेल. विहिरीपासून दूर ठेवले, कारण पाण्यात पडेल. विळी हातात देईना, माडाखाली उभी राहू देईना. शेवटी जमनाच्या वाट्याला ओटीचा एक कोपरा आला. तिथे तिने पाटावर बसावे, विड्याची पाने पुसून एकावर एक लावावीत, आणि पालघरच्या डॉक्टरांनी दिलेल्या पांढऱ्या गोळ्या वेळेवर घ्याव्यात. गोळ्यांनी फेफरे कमी झाले, पण डोके जड राहू लागले. असे काही हंगाम गेले. जमना अंगाने फुगली, बोलण्याने मंदावली. येणारी-जाणारी माणसे तिच्यासमोरच तिच्याविषयी बोलू लागली, जणू ती तिथे नाहीच.

वर्गात यायचे हे तिनेच ठरवले. आत्मारामने विचारले, "तुला झेपंल?" ती म्हणाली, "वटीवर बसतेच, तिथं बसंन. बसायलाच तर शिकली हाय मी."

परंतु अक्षरे तिच्याजवळ टिकत नसत. 'ड'पर्यंत पोहोचली की फेफरे येई, आणि दुसऱ्या दिवशी ती पाटीकडे परक्या माणसासारखी बघे. मग गुरुजी तिला पुन्हा 'अ, आ आईचा' इथून सुरुवात करून देत. वर्गातल्या बायका चेष्टेखोर. जमना 'आ'वर आली की कोणीतरी म्हणेच, "आली गो, जमना परत आईकडं आली!" एकदा जमना स्वतःच म्हणाली, "सासरी टिकतच नाय मी, काय करू?" सगळ्या हसल्या, तीही हसली. मी शेजारी होते म्हणून मला दिसले, की हसताना तिने पाटीची कड नखाने कुरतडून काढली होती.

माघ महिन्यात रामनाथभाऊ तिच्या ओटीवर आले. रामनाथभाऊ ग्रामसमितीचे प्रमुख. सारे गाव साक्षर झाले की देवळासमोर गौरव समारंभ व्हायचा, तालुक्याहून पाहुणे यायचे, सगळ्यांनी मिळून शपथ घ्यायची, हा त्यांचा ध्यास होता. परीक्षेला थोडेच दिवस उरले होते.

"आत्माराम," ते म्हणाले, "जमनावैनीला यातून सोडू. तालुक्याच्या साहेबांना इचारलं मी. सवलत हाय."

"कसली सवलत?" ओटीच्या कोपऱ्यातून जमनाने विचारले. रामनाथभाऊंना तिचे तिथे असणे तेव्हा जाणवले.

"काय नाय वैनी. आंधळ्याला नाय धरत. अंथरुणाला खिळलेल्याला नाय धरत. आणि..." ते थांबले.

"मी आंधळी नाय," जमना म्हणाली. "अंथरुणाला खिळलेली नाय. मग मला कशात धरलं, भाऊ?"

रामनाथभाऊंनी चहा अर्धा ठेवला आणि ते उठले. तिसरा प्रकार वेड्यांचा होता, हे ओटीवरच्या सर्वांना समजले होते. त्या दिवसापासून जमनाच्या मनात एकच गोष्ट राहिली. अक्षरे येवोत वा न येवोत, आपल्याला शहाण्या माणसांत मोजले गेले पाहिजे. आणि त्यासाठी आता अक्षरे यायलाच हवीत.

आत्मारामच्या वाडीत पायरहाट होता. ज्यांनी तो पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. विहिरीच्या काठावर एक उभे लाकडी चाक असते आणि त्यावरून मातीच्या गाडग्यांची माळ खाली पाण्यात सोडलेली असते. माणसाने काठावरच्या फळीवर बसायचे, पायांनी चाकाचे दांडे पुढे रेटायचे आणि हातांनी वरचे दांडे ओढायचे. गाडगी भरून वर येतात, पन्हळीत रिकामी होतात, आणि पाणी पाटाने पोफळींच्या व पानवेलींच्या मुळाशी जाते. हे काम पोटऱ्यांना, मांड्यांना आणि छातीला सारखेच पिळून काढते.

त्याच आठवड्यात आत्मारामच्या पायात पोफळीच्या लाकडाची कूस घुसली आणि पाय सुजला. वेली सुकू लागल्या. जयवंती बाजाराला गेलेली पाहून जमना ओटीवरून उठली, वाडीत गेली आणि फळीवर बसली. सुरुवातीला चाक हलेना. मग हलले. किती वर्षांत तिने स्वतःच्या अंगाचा असा घाम पाहिला नव्हता, असे ती मला म्हणाली. पाय आपोआप फिरू लागले तेव्हा रिकामा जीव काहीतरी बोलायला मागू लागला. गाणे आठवेना. मग वर येणाऱ्या प्रत्येक गाडग्याबरोबर ती अक्षर म्हणू लागली. गुरुजींनी आम्हाला पुस्तकातले शब्द न देता वाडीतले शब्द शोधायला लावले होते. तेच ती म्हणत गेली: क केळीचा, ग गाडग्याचा, प पोफळीचा, म मोगऱ्याचा. गाडगी संपली तरी अक्षरे उरली, म्हणून दुसऱ्या फेरीला तेच गाडगे वेगळे अक्षर घेऊन वर आले.

जयवंती परत आली तेव्हा तिला विहिरीवरून पुटपुटणे ऐकू आले. तिने टोपली तिथेच टाकली आणि आळीभर ओरडत सुटली, "धावा गो! जमना मंत्र म्हणते हाय हिरीवर! हिला कुनी घातलं हे?"

बायका जमल्या. एकीने सांगितले की हा जारण-मारणाचा मंत्र आहे. दुसरी म्हणाली, नाय, देवीचा हाय. तेवढ्यात सुलू नावाची आमच्या वर्गातली बाई पुढे झाली, कान देऊन ऐकू लागली, आणि म्हणाली, "अगो, हा तर 'ट टोपलीचा' हाय!" मंत्राची भीती अशी गेली, विहिरीची भीती मात्र गेली नाही. जयवंतीने जमनाला हाताला धरून उतरवले आणि ओटीवर नेऊन बसवले.

दुसऱ्या दिवशी वर्गात जमनाने 'अ'पासून 'ढ'पर्यंत न थांबता म्हटले. गुरुजींनी विचारले, "काल काय केलंत, जमनाबाई?"

"पाणी काढलं," ती म्हणाली.

त्यानंतर जयवंतीच्या धाकाने जमना पुन्हा ओटीवर बसली, आणि अक्षरे पुन्हा विरळ होऊ लागली. फेफरे आलेले नसतानाही अक्षरे गळत होती. आत्मारामने हे पाहिले. आत्माराम हा फार बोलणारा मनुष्य नव्हे. त्याने बायकोला एस.टी.त बसवले आणि पालघरला डॉक्टरांकडे नेले.

ते डॉक्टर वयस्कर होते आणि सरळ होते. त्यांनी सर्व ऐकून घेतले. मग ते म्हणाले, "या रोगाचे नाव अपस्मार. फिटा थांबवायला माझ्याजवळ गोळी आहे. विसरणे थांबवायला माझ्याजवळ काही नाही. उलट हीच गोळी थोडे डोके जड करते. अशा रोग्याला विश्रांती द्यावी, असे आम्ही शिकलो. पण तुम्हाला दिवसभर बसवून ठेवले आहे, ती विश्रांती नव्हे. अंग चालले तर झोप चांगली लागेल, मन उल्हसित राहील, आणि कदाचित डोकेही मोकळे होईल. कदाचित म्हणतो. मला याची खात्री नाही."

"मला हाय," जमना म्हणाली.

डॉक्टर हसले आणि त्यांनी अटी घातल्या. गोळी एक दिवसही चुकवायची नाही. उपाशीपोटी चाक फिरवायचे नाही, धाप लागेपर्यंतही फिरवायचे नाही. जवळ माणूस हवा. आणि विहिरीत पडता येणार नाही अशी व्यवस्था आधी झाली पाहिजे, तोवर फळीवर बसायचे नाही.

आत्मारामने पोफळीचे खोड चिरले आणि गाडग्यांना जायला लागेल तेवढी फट ठेवून विहिरीचे तोंड झाकून टाकले. सातपाटीला त्याचा एक ओळखीचा खलाशी होता; त्याच्याकडून नावेचा जुना दोर आणला. त्याचा एक पट्टा जमनाच्या कमरेभोवती आणि दुसरे टोक मागच्या माडाला. रोज सकाळी तो तिला बांधून द्यायचा आणि शेजारी बसून पानवेलींना आधाराच्या काठ्या सोलायचा.

वाट वाडीच्या कडेने जात होती, त्यामुळे येणाऱ्याजाणाऱ्याला हे सगळे दिसे. लोकांनी पाहिले ते एवढेच: फेफरेवाली बायको माडाला दोराने बांधलेली आणि तिच्याकडून पाणी काढून घेणारा नवरा सावलीत बसलेला.

"आत्माराम," एकाने हाक मारली, "बैल परवडंना का रे, म्हणून हिला जुंपलीस?"

आत्मारामने मान वर केली नाही. जमनाने केली. "बैलाला 'क्ष' येतो का रे, दादा?" तिने विचारले. "मला येतो. ये, आयक."

तो मनुष्य आला नाही. परंतु बोलणे आळीत पसरले आणि रामनाथभाऊंच्या कानावर गेले. ते रागाने वाडीत आले. दोर पाहिला, झाकलेली विहीर पाहिली, मग खाली बसले. जमनाने त्यांना सगळी मुळाक्षरे म्हणून दाखवली. ते ऐकत राहिले. जाताना म्हणाले, "वैनी, परीक्षेला बसा. पण तिथं पडलात तर समारंभ जाईल माझा."

"पडलेच तर उठंन," जमना म्हणाली. "मला सवय हाय. तुमचंच काय ते बगा."

परीक्षेच्या आधी तिला फेफरे आलेच, आणि आले ते फळीवर बसलेली असतानाच. आत्मारामने ते पाहिले तेव्हा तिचे हात दांड्यावरून सुटले होते आणि चाक गाडग्यांच्या ओझ्याने उलटे फिरत होते. ती पुढे झुकली. दोर ताणला आणि तिला धरून राहिला. आत्मारामने पायाने चाक अडवले, तिला मागे ओढून पाचोळ्यावर कुशीवर निजवले. एक दांडा तिच्या घोट्याला लागला होता आणि रक्त येत होते. ती शुद्धीवर आली तेव्हा तो रडत होता. तो म्हणाला, "बस झालं आता. दोर तोडतो मी."

जयवंतीही धावत आली होती. तिचेही तेच म्हणणे. "काय करायची अक्षरं? तू जिती रहा म्हंजे झालं."

जमना काही वेळ आकाशाकडे बघत राहिली. जीभ जड होती. मग तिने हळूहळू म्हणायला सुरुवात केली, "अ... आ... इ..." मध्ये थांबली, चाचपडली, पुन्हा धरले. 'ज्ञ'पर्यंत पोहोचायला तिला फार वेळ लागला. 'झ' आणि 'ण' राहून गेले, बाकीचे सगळे जागेवर होते. फेफऱ्यानंतर असे आजवर कधी झाले नव्हते. आत्मारामने डोळे पुसले. त्याने दोर तोडला नाही. चाकाला उलटे फिरू न देणारी एक खुंटी मात्र त्याच संध्याकाळी ठोकली. आणि जयवंती दुसऱ्या दिवसापासून स्वतः येऊन जमनाच्या पाठीमागे बसू लागली. ती तोंडाने कटकट करीत असे, पण हाताने दोर धरून ठेवी.

परीक्षेच्या दिवशी तालुक्याहून तपासनीस आले. तरुण होते, पांढऱ्या शर्टातले, शिस्तीचे. एकेका बाईला फळ्यासमोर उभे करून ते वाचून घेत. जमनाची पाळी आली. त्यांनी लिहिले: 'आम्ही शेतात काम करतो.'

जमना बघत राहिली. पदराखाली तिचे पाय जागच्या जागी हलू लागले, एक पुढे, एक मागे. मग तिने वाचले, "आमी शेतात काम करतो."

तपासनीस थांबले. "पुन्हा वाचा."

"आमी शेतात काम करतो."

"बाई, इथे 'आम्ही' लिहिले आहे. मध्ये ह आहे. तुम्ही 'आमी' म्हणता. म्हणजे तुम्ही फळ्यावरचे वाचत नाही. हे वाक्य तुम्ही पाठ करून आला आहात."

दाराशी उभ्या असलेल्या जयवंतीच्या तोंडून निघाले, "पाठ? हिनं? साहेब, हिला पाठ झालं असतं तर आमी देवाला नारळाचं तोरण बांधलं असतं!"

साऱ्या बायका हसल्या. मीही हसले, आणि डोळ्यांत पाणी आले. ज्या बाईचे दुखणेच हे, की काही लक्षात राहत नाही, तिच्यावर लक्षात ठेवल्याचा आरोप! जमना मात्र हसली नाही. तिचा चेहरा उजळला. आपल्याविषयी असे कोणी म्हणेल, हे तिला खरोखरच आवडले होते. गुरुजींनी तपासनिसांना समजावून सांगितले की आमच्या बोलीत 'आम्ही'चा ह कोणीच उच्चारत नाही, 'तुम्ही'चाही नाही. त्यांना ते पटले, पण पुरते नाही. त्यांनी फळा पुसला आणि कोणत्याही धड्यात नसलेले एक वाक्य लिहिले.

जमनाचे पाय पुन्हा हलू लागले. "वा... गा... नं. वागानं. रा... त्री. वागानं रात्री... बै... ल... ओ... डून... ने... ला." ती एकदम वळली. तिने छातीवर हात ठेवला. "कुणाचा बैल नेला, साहेब? कुठं? आमच्या आळीत नाय ना?"

तपासनीस खडू हातात घेऊन तसेच उभे राहिले. मग ते इतके हसले की त्यांना खाली बसावे लागले. "कुणाचाही नाही, आई," ते म्हणाले. "बैल सुखरूप आहे. तुम्ही उत्तीर्ण आहात." त्यांनी पायांविषयी विचारले तेव्हा जमना म्हणाली, "पाय थांबले का डोकं थांबतं माजं."

गौरव समारंभात ती पहिल्या रांगेत उभी राहिली. रामनाथभाऊंनी तिच्यासाठी खुर्ची ठेवली होती. तिने ती एका म्हाताऱ्या पाहुण्याला दिली आणि शपथ संपेपर्यंत उभी राहिली. त्या दिवशी तिला काही झाले नाही. पुढे अनेकदा झाले. कोणी असे समजू नये की रहाटाने तिचे फेफरे गेले. ते गेले नाही, गोळ्याही सुटल्या नाहीत. परंतु फेफऱ्यानंतर ती पूर्वीसारखी रिती होऊन उठत नसे. पुतण्यांची नावे तिला राहिली. सकाळी काय जेवली तेही आठवू लागले. जयवंतीने तिला चुलीजवळ, अर्थात स्वतः शेजारी बसून, भाकऱ्या थापायला दिल्या. आणि ओटीवर येणारी माणसे तिच्याशी बोलू लागली. मला वाटते, हे औषधाइतकेच मोठे होते.

मी पुष्कळ शिकलेली नाही. मेंदूत काय होते ते मला ठाऊक नाही, आणि डॉक्टरांनाही पुरते ठाऊक नव्हते, असे त्यांनी स्वतः सांगितले होते. मी एवढेच लिहू शकते की एका स्त्रीला सगळ्यांनी मायेने बसवून ठेवले होते आणि ती त्या मायेखाली विझत होती. ती उठली, आणि उठल्यावरच तिला स्वतःचे हरवलेले सापडत गेले. उठायला तिला कोणी शिकवले नाही. हे धैर्य मी आयुष्यात फार थोड्यांत पाहिले.

एकोणीसशे सदुसष्टच्या सुमारास आमच्या आळीत तेलावर चालणारी इंजिने आली. आत्मारामनेही भावाबरोबर भागीत एक घेतले. वाडीला त्याची गरजच होती. पायांनी किती पाणी निघणार? पायरहाट उतरवला, गाडगी परसात रचली. जमनाने एकदाही तक्रार केली नाही. पण काही महिन्यांत मला तिच्यात फरक दिसू लागला. वाचताना ती ओळीच्या मध्येच हरवू लागली. एकदा माझे नाव घेताना अडखळली, आणि ते मला कळले हे तिलाही कळले.

त्यानंतरच्या एका सकाळी मी अंगण सारवत होते. जमना फाटकाशी येऊन उभी राहिली. डोक्याला फडके घट्ट बांधलेले, पायात वहाणा. ती आत आली नाही.

"मी रोज एडवण गावापर्यंत चालायचं ठरवलं हाय," ती म्हणाली. "पण घरची मला एकटीला सोडत नाय. तू येशील माझ्यासंगं?"